हरवलेली दुसरी चावी आधी बाद करून घ्या

अंबाजोगाईच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातील प्रश्नापुरता भाग त्यांच्याच शब्दांत देतो.

“यजमान गेल्यापासून कृषी सेवा केंद्र मीच चालवते. मोंढा, केज, परळी अशी रोजची ये-जा असते, म्हणून गेल्या पाडव्याला लातूरहून सात वर्षे वापरलेली डिझेल गाडी घेतली. विकणाऱ्याने एकच चावी दिली. दुसरी घर बदलताना हरवली, असे त्याने सांगितले. आमच्या वाड्याला गाडी आत घेण्याइतके मोठे दार नाही, त्यामुळे ती रात्री गल्लीत उभी असते. मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतली जीप रातोरात गेली. तेव्हापासून मी रात्री दोनदा उठून खिडकीतून पाहते. आमचे गॅरेजवाले म्हणतात, ‘ताई, तुमची चावी चिपची आहे, ही गाडी कोणाला नेता येणार नाही.’ पुण्यात शिकणारा भाचा म्हणतो, चिपच्या गाड्याही मिनिटभरात नेतात, त्याने व्हिडिओ पाहिले आहेत. बाजारातला चावीवाला म्हणतो, साधी डुप्लिकेट चावी स्वस्तात करतो, आत एक चिप कायमची बसवून देतो, मग कोणतीही चावी चालेल. जावई म्हणतात, सायरन बसवा. कोणाचे ऐकावे? शिवाय शेतावर ट्रॅक्टर उभा असतो, त्याचे काय करावे?”

ताई, दिवसभर दुकान सांभाळणाऱ्या बाईने रात्री दोनदा उठून खिडकीशी जावे, हे वाचून वाईट वाटले. म्हणून निर्णय आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. चावीवाल्याचे मुळीच ऐकू नका. गॅरेजवाल्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. भाच्याचे म्हणणेही खरे आहे, परंतु ते मुख्यतः वेगळ्या प्रकारच्या गाड्यांविषयी आहे. सायरनची घाई नको. आणि या चौघांपैकी कोणीही जिचा उल्लेख केला नाही, ती गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: आपल्या गाडीला ओळखीची असलेली एक चावी आपल्या ताब्यात नाही.

याचा अर्थ नीट लक्षात यावा म्हणून ही व्यवस्था कशी चालते ते थोडे सविस्तर सांगतो. आपल्या चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक इवलीशी चिप असते. काही चाव्यांत ती बारीक काचेच्या नळीत असते, तर काहींत काळ्या चौकोनी तुकड्यासारखी दिसते. तिला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. या चिपला स्वतःचा सेल नसतो. स्टिअरिंगजवळ आपण जिथे चावी घालतो, त्या कुलपाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवलेले असते. चावी फिरवताच त्या वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, बहुतेक गाड्यांत साधारण १२५ किलोहर्ट्झ वारंवारतेचे, आणि त्या क्षेत्रातूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते. तेवढ्या क्षणात ती आपली ओळख सांगते. गाडीच्या संगणकाने ती ओळख आपल्या नोंदीतील चाव्यांशी ताडून पाहिली आणि ती जुळली, तरच तो इंजिनाला डिझेल सोडतो. जुळली नाही तर काही गाड्यांत स्टार्टर फिरतच नाही आणि काहींत इंजिन सेकंद-दोन सेकंद चालून बंद पडते. इंजिन अडवून धरणाऱ्या या संपूर्ण व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांच्या काचेवर ‘आयकॅट्स’ असे लिहिलेले स्टिकर आपण पाहिले असेल; ते याच व्यवस्थेचे त्या कंपनीने ठेवलेले नाव आहे.

रिमोटमधला सेल संपला तरी गाडी चालू होते ती याच कारणाने. सेल असतो तो दार दुरून उघडण्यासाठी, आणि चिपला त्याची गरज नसते. पुष्कळ लोक रिमोट, सेंट्रल लॉक आणि चिप या तिन्ही गोष्टी एकच समजतात. सेंट्रल लॉक दार राखते, चिप इंजिन राखते, आणि दाराची काच फोडणाऱ्याला चिप अडवू शकत नाही.

सुरुवातीच्या काळातल्या चिपा प्रत्येक वेळी एकच ठरलेला आकडा सांगत. असा आकडा एकदा कोणी टिपून घेतला, तर त्याला तो दुसऱ्या चिपवर उतरवता येतो. नंतरच्या चिपांत गाडी दर वेळी नवा प्रश्न विचारते आणि चिप आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने, म्हणजे तिच्यात साठवलेल्या गुप्त आकड्याने, त्याचे उत्तर काढून देते. त्यामुळे आजचे उत्तर ऐकून ठेवणाऱ्याला उद्या त्याचा काही उपयोग नसतो. आपल्या सात वर्षांच्या गाडीत हा दुसरा प्रकार असण्याची शक्यता अधिक आहे.

ही व्यवस्था खरोखर उपयोगी आहे का, याचे उत्तर परदेशांतल्या अनुभवातून मिळते. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला आणि कॅनडात सप्टेंबर २००७ पासून. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथे विकलेल्या ह्युंदाई आणि किआ या कंपन्यांच्या २०११ ते २०२१ या काळातल्या, साध्या चावीने चालणाऱ्या अनेक गाड्यांत इमोबिलायझर बसवलेला नव्हता. २०२१-२२ च्या सुमारास कुलपाचे कव्हर फोडून, मोबाइल चार्ज करायच्या केबलचे टोक आत घालून या गाड्या चालू करण्याची युक्ती तिथल्या पोरांमध्ये पसरली आणि अशा गाड्यांच्या चोऱ्या एकाएकी वाढल्या. त्याच कंपन्यांच्या चिप असलेल्या गाड्यांवर मात्र त्या युक्तीचा काहीच परिणाम होत नव्हता. म्हणून आपले गॅरेजवाले जे सांगतात त्यात पुष्कळ तथ्य आहे. कुलूप फोडून किंवा तारेला तार जोडून गाडी चालू करणारा चोर आपल्या गाडीसमोर हात टेकणार आहे.

परंतु गाडी ओळखते ती चावीला, चावी हातात धरणाऱ्या माणसाला नाही. ती दुसरी चावी आज कोणाच्या हातात आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. विकणाऱ्यावर संशय घ्यावा असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा ती खरोखरच एखाद्या खणात किंवा जुन्या पेटीच्या तळाशी पडलेली असते. तरीही ती पूर्वीच्या ड्रायव्हरजवळ राहिलेली असू शकते, दुरुस्तीला दिलेल्या गॅरेजात राहिलेली असू शकते, किंवा मधल्या दलालाकडे असू शकते. जिच्याजवळ ती आहे त्या व्यक्तीला काच फोडावी लागत नाही, आवाज करावा लागत नाही, आणि आपल्या गाडीची चिप तिचे घरच्या माणसासारखे स्वागत करते. गाडी लातूरला विकली गेली आणि ती आता अंबाजोगाईला कोणाच्या दारात उभी असते, हे शोधून काढणेही फारसे अवघड नाही.

यावरचा उपाय सरळ आहे. आपल्या गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा; लातूर येथे बहुतेक कंपन्यांची सोय आहे. तिथे तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत मागा. पहिली, संगणकाच्या नोंदीत आज किती चाव्या आहेत ते यंत्र लावून पाहावे; पुष्कळ गाड्यांत हा आकडा दिसतो. दुसरी, कंपनीची एक नवी चिपची चावी मागवावी. आणि तिसरी, नवी चावी आली की जुन्या सर्व नोंदी पुसून, समोर असलेल्या दोन चाव्यांचीच नव्याने नोंद करावी. यातली तिसरी गोष्ट आवर्जून मागावी लागते, कारण ‘डुप्लिकेट चावी करून द्या’ एवढेच सांगितले तर कित्येकदा जुन्या नोंदींत केवळ एकीची भर घातली जाते आणि हरवलेली चावी पूर्वीइतकीच जिवंत राहते. नोंदी पुसल्यावर मात्र ती जुनी चावी कुलपात फिरेल, दारही उघडेल, पण इंजिन चालू करू शकणार नाही. दारही उघडू नये असे वाटत असेल, तर कुलपांचा पूर्ण संच बदलावा लागतो. तो खर्च मोठा आहे आणि आपल्याला त्याची तितकीशी गरज मला दिसत नाही.

या कामासाठी जाताना आपल्याजवळची चावी, गाडीचे आरसी आणि स्वतःचे ओळखपत्र सोबत न्या. आरसी अजून आपल्या नावावर झाले नसेल, तर आधी ते काम उरकून घ्या, कारण चावीची मागणी मालकाच्या नावानेच नोंदवली जाते आणि चांगले सर्व्हिस सेंटर कागद पाहिल्याशिवाय चावी देत नाही. ते कागद मागतात म्हणून कंटाळू नका. जो कागद न पाहता आपल्याला चावी करून देईल, तो दुसऱ्यालाही तशीच आपल्या गाडीची चावी करून देईल. नव्या गाडीसोबत बऱ्याचदा चावीचा क्रमांक कोरलेली धातूची छोटी पट्टी मिळते. ती मूळ मालकाकडे आहे का, हे फोन करून विचारा. मिळाली तर घरातल्या कपाटात ठेवा. चावीच्या जुडग्यात किंवा गाडीच्या खणात ती कधीही असू नये.

आता त्या चावीवाल्याच्या प्रस्तावाविषयी. तो जे सुचवतो ते नवीन नाही. चालणारी एक चिप कुलपाच्या वेटोळ्याजवळ, स्टिअरिंगखालच्या कव्हरच्या आत कायमची चिकटवून ठेवायची, म्हणजे गाडीला नेहमीच वाटते की योग्य चावी समोर आहे. मग पात्याचा आकार जुळणारी कोणतीही साधी चावी चालते. चावीवाल्याचे काम सोपे होते, गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात, आणि कारखान्याने बसवलेले संरक्षण त्या दिवसापासून संपते. मला हे स्वतःच्या गाडीतून कळले. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक वापरलेली गाडी घेतली होती आणि तिला चिपची चावी आहे या भरवशावर ती निर्धास्तपणे रस्त्यावर उभी करत असे. दोन वर्षांनी दिव्यांचा स्विच बदलण्यासाठी कव्हर काढले, तेव्हा वेटोळ्याला काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली चिप दिसली. माझ्या आधीच्या कोणा मालकाने ती बसवून घेतली होती. दोन वर्षे माझी गाडी लोखंडाच्या कोऱ्या पात्याने चालू होण्यासारखी होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तो दिवस आठवला की अजूनही अंगावर काटा येतो, आणि म्हणूनच आपल्याला इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

आपल्या गाडीतही आधीच असे काही करून ठेवलेले नाही ना, हे घरच्या घरी पाहता येते. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद घ्या आणि चावीचे प्लास्टिकचे डोके त्यात तीन-चार पदरांत घट्ट गुंडाळा. धातूचे पाते मोकळे ठेवा. आता ती चावी घालून गाडी चालू करून पाहा. कागदामुळे चिपपर्यंत क्षेत्र पोहोचत नाही, त्यामुळे इमोबिलायझर नीट असेल तर इंजिन चालू होणार नाही किंवा लगेच बंद पडेल, आणि डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकेल. कागद काढून पुन्हा चावी फिरवली की गाडी नेहमीप्रमाणे चालू होईल. हा प्रयोग दिवसा, घरासमोर, एकदा किंवा फार तर दोनदा करावा. वारंवार चुकीची चावी लावल्यास काही गाड्या थोडा वेळ स्वतःला बंद करून घेतात. मात्र कागद गुंडाळलेला असतानाही इंजिन आरामात चालत राहिले, तर बहुधा दोनपैकी एक कारण असते: गाडीत इमोबिलायझर नाही, किंवा कोणीतरी तो निकामी करून ठेवला आहे. तसे झाल्यास सर्व्हिस सेंटरला स्टिअरिंगखालचे कव्हर उघडून पाहायला सांगा.

चावीविषयी आणखी एक बारीकशी गोष्ट. चावीचे कव्हर झिजले किंवा तुटले म्हणून बाजारात नवे घालून घेताना, जुन्या कव्हरातली चिप काढून नव्यात बसवली जाते की नाही ते समोर उभे राहून पाहा. ती जुन्यातच राहिली तर नवी चकचकीत चावी गाडी चालू करणार नाही, आणि जुने कव्हर कचऱ्यात गेले असेल तर चिपही गेली.

भाच्याने पाहिलेल्या व्हिडिओंकडे वळतो, कारण मुलाने काळजीपोटी सांगितले आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. त्या व्हिडिओंतल्या बहुतेक गाड्या बटन दाबून चालू होणाऱ्या असतात. तशा गाडीची चावी खिशात किंवा घरात असतानाच गाडीशी रेडिओ लहरींनी बोलते. दोन चोर दोन यंत्रे घेऊन येतात. एक घराच्या भिंतीशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी, आणि घरातल्या चावीचा संदेश मधल्या मध्ये पुढे पाठवून गाडीला फसवले जाते. झुरिकच्या संशोधकांनी २०११ मध्येच हे प्रत्यक्ष करून दाखवले होते. आपली चावी मात्र कुलपात घालून फिरवावी लागते आणि तिची चिप वेटोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असल्याशिवाय बोलत नाही. त्यामुळे ही भीती आपल्याला नाही. भाच्याने पुढे बटनाची गाडी घेतली, तर त्याने चावी दाराजवळच्या खुंटीवर न ठेवता धातूच्या डब्यात ठेवावी.

चिपच अभेद्य आहे असेही मात्र मी म्हणणार नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या काळी लाखो चाव्यांत असलेल्या एका चिपची चाळीस बिटांची गुप्त किल्ली शोधून काढली होती, आणि त्यानंतर इतर प्रकारच्या चिपांमधले कच्चे दुवेही प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या गल्लीत त्याहून जवळचा धोका वेगळा आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, मेकॅनिक यंत्र जोडतात ते सॉकेट असते. काच फोडून आत आलेला आणि योग्य यंत्र जवळ असलेला सराईत चोर काही गाड्यांत त्या सॉकेटमधून कोऱ्या चावीची नोंद करून घेऊ शकतो. त्याला वेळ मिळू न देणे एवढेच आपल्या हाती असते, आणि तिथे साधे लोखंड कामाला येते.

यासाठी गिअर लॉक किंवा स्टिअरिंगला आडवे बसणारे जाड कुलूप घ्या. चिप डोळ्यांना दिसत नाही. गाडी चालू होत नाही हे चोराला काच फोडून आत बसल्यावर कळते, आणि तोवर आपले नुकसान झालेले असते. स्टिअरिंगवरचे पिवळे किंवा लाल कुलूप बॅटरीच्या उजेडात बाहेरूनच दिसते, त्यामुळे ते काचही वाचवते. सॉकेटमधून चावीची नोंद करून घेणाऱ्यालाही ते कुलूप कापावेच लागते, आणि गल्लीत रात्री लोखंड कापण्याचा आवाज लपत नाही. गिअर लॉक बसवायचे असेल तर ते सर्व्हिस सेंटरकडूनच बसवून घ्या. त्याच्या चाव्या गाडीच्या चावीच्या जुडग्यात अडकवू नका, एवढी काळजी घेतली की झाले. गाडी उभी करताना तिचे तोंड भिंतीकडे असावे, पुढची चाके भिंतीकडे वळवून स्टिअरिंग लॉक लागू द्यावे, हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी. म्हणजे ती ढकलत किंवा दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेणे अवघड जाते. इमोबिलायझर इंजिन अडवतो, पण ओढून नेली जाणारी गाडी त्याला थांबवता येत नाही.

सायरनविषयी माझे मत जावयांना पटणार नाही कदाचित. मांजर बोनेटवर चढले तरी वाजणारा सायरन आठवडाभरात गल्लीच्या सवयीचा होतो आणि मग कोणी उठत नाही. शिवाय बाजारात तो बसवताना मूळ वायरिंग कापून जोड दिले जातात, आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात असे कच्चे जोड तापून शॉर्ट होण्याचा धोका असतो. त्यापेक्षा तेच पैसे जीपीएस ट्रॅकरला द्यावेत, तोही वायरिंग न कापता बसणारा आणि सहज हाताला लागणार नाही अशा जागी लपवलेला. ट्रॅकर चोरी थांबवत नाही, परंतु आपल्या भागातून उदगीर-देगलूरकडून कर्नाटक किंवा तेलंगणाची हद्द एका रात्रीच्या प्रवासात सहज ओलांडता येते. म्हणून पहिल्या तासात गाडी कोणत्या रस्त्याने चालली आहे हे कळणे पोलिसांच्या दृष्टीने फार मोलाचे असते.

यापुढचा भाग सवयींचा आहे आणि आपण रोज मोंढ्यावर जाता म्हणून तो लिहितो. खताची पोती उतरवेपर्यंत गाडी चालूच ठेवून आडतीत जाणे, ‘गाडी जरा पुढे घे’ म्हणून कोणाच्याही हाती चावी देणे, दुकानात गल्ल्यामागच्या खिळ्यावर चावी लटकवणे, या गोष्टी आपल्याकडे सर्रास चालतात. चावीच चोराच्या हाती गेली तर चिप काय करणार? सर्व्हिसिंगला गाडी देतानाही पूर्ण जुडगा न देता एकटी चावी द्यावी.

विम्याचे काम मात्र याच आठवड्यात पाहा. गाडी घेतल्यावर आरसी नावावर करण्याइतकेच विम्याची पॉलिसी नावावर करणे महत्त्वाचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार त्यासाठी विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवायचे असते. तृतीय पक्षाचा विमा आपोआप नव्या मालकाकडे येतो, परंतु चोरीची भरपाई त्यात बसत नाही. ती सर्वंकष पॉलिसीतच मिळते, आणि ती पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली तर दावा अडकतो. सर्वंकष विम्यात भरपाईची रक्कम ‘आयडीव्ही’ म्हणून पॉलिसीवर छापलेली असते. पाच वर्षांहून जुन्या गाडीची ती रक्कम विमा कंपनी आणि मालक यांनी परस्परांत ठरवायची असते, तेव्हा हप्ता थोडा कमी होतो म्हणून ती फार खाली आणू देऊ नका. चोरीचा दावा करताना कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते आणि एक नसली तर हलगर्जीचा प्रश्न उपस्थित करते. म्हणून ‘एक चावी विक्रीपूर्वीच हरवली होती’ असे विकणाऱ्याकडून सहीनिशी लिहून घ्या, त्याची प्रत विमा कंपनीला देऊन पोच घ्या, आणि नोंदी पुसून नवी चावी केल्याचे सर्व्हिस सेंटरचे बिल पॉलिसीसोबत जपून ठेवा. आपल्याकडच्या जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरपत्रकात, एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्रणेसाठी सवलतीची तरतूद होती, पण ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटी घेतल्या जाणाऱ्या हप्त्यावर अडीच टक्के आणि जास्तीत जास्त पाचशे रुपये इतकीच होती; केवळ अशा सवलतीसाठी काही विकत घेऊ नये.

तशी वेळ न येवो, पण कधी गाडी गेलीच तर शोधाशोध करत बसण्याआधी ११२ क्रमांकावर फोन करा आणि फिर्याद त्याच दिवशी नोंदवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. तशी पाठवल्यास तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. विमा कंपनीलाही लगेच कळवा. फिर्याद तत्काळ दिलेली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. तरी त्या उशिराच्या वादात पडण्याचे कारणच ठेवू नये.

राहिला ट्रॅक्टर. आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांना साधी चावी असते, चिप नसते, आणि एकाच बनावटीच्या दोन ट्रॅक्टरांना एकच चावी लागल्याचे शेतकऱ्यांनी कित्येकदा पाहिलेले असते. जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाचे इंजिन एकदा फिरले की त्याला विजेची फारशी गरज राहत नाही, म्हणून तिथे इंजिन फिरूच न देणे हा मार्ग आहे. बॅटरीच्या वायरीवर चावी काढून घेता येईल असा जाड कट-ऑफ स्विच एखाद्या अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आडोशाच्या जागी बसवून घ्या. उतारावर मात्र ट्रॅक्टर कधीही उभा ठेवू नका, कारण ढकलून चालू होणाऱ्या इंजिनाला स्विच अडवू शकत नाही. रात्री तो शक्यतो वस्तीवर आणावा. शेतातच ठेवावा लागला तर पुढचे चाक साखळीने झाडाला किंवा रोवलेल्या खांबाला बांधावे, आणि पेरणी-नांगरणीचे दिवस नसताना बॅटरी काढून घरी आणावी, कारण विहिरीवरच्या मोटरीप्रमाणे नुसती बॅटरी जाण्याच्या घटनाही होतात. इंजिन आणि चॅसी क्रमांकाचे मोबाइलवर फोटो काढून भाच्याकडेही पाठवून ठेवा.

सर्व्हिस सेंटरने यंत्र लावल्यावर नोंदीतल्या चाव्यांचा आकडा सांगितला की मला अवश्य कळवा. तो दोन आला तर वर लिहिले आहे तेवढे पुरे आहे. तीन किंवा अधिक आला, तर नवी चावी येण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, आपल्या हातातल्या एका चावीवर बाकीच्या सर्व नोंदी पुसून घ्या आणि तोवर गाडी रात्री एखाद्या ओळखीच्या बंद फाटकाच्या आत ठेवा.